फ्लोराईड टेस्ट किट : हातपंपाला पास, मासोळीच्या तळ्याला काठावर नापास

रेटिंग आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं पुराण वाचायचं नाही ते मोकळे. पिण्याचं पाणी तपासायला घेत असाल तर ५ पैकी ४, मासोळीच्या तळ्यासाठी घेत असाल तर २, म्हणून मधला ३ दिला. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण असलेच डबे तीन-चार नावांनी विकले जातात, स्टिकर वेगळं आणि आतलं औषध तेच, आणि खाली जे रडगाणं गातोय ते एकट्या त्या कंपनीचं पाप नाही, निम्मी अक्कल माझीच गहाण होती.

आता मासोळीवाल्याला फ्लोराईडचं किट कशाला, हा प्रश्न मला घरीही विचारला गेला. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुका, पांढरकवड्याच्या बाजूला. या पट्ट्यात पाण्यात फ्लोराईड आहे हे काही नवीन नाही, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड इकडच्या कितीतरी गावांचं हेच दुखणं आहे, आमच्या गावात पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, शाळेजवळच्या हातपंपाला, त्याचं पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग मारून ठेवलाय, तरी लोक तिथूनच भरतात कारण त्या पाण्यात डाळ पटकन शिजते आणि साबणाला फेस भरपूर. हे डाळीचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पण हे सगळं माणसांचं झालं. मासोळीला फ्लोराईड बाधतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मला वाटायचं जो जीव पाण्यातच राहतो त्याला पाण्यातलं काय होणार.

मागच्या वर्षी पाऊस संपल्यावर ३० बाय ३० चं शेततळं खोदलं, प्लास्टिकची पन्नी अंथरली आणि नोव्हेंबरात बोरच्या पाण्यानं दोन मीटर भरून घेतलं. पावसाचा एक थेंब नाही त्यात, सगळं बोरचं. हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली, कटला, रोहू आणि थोडे सायप्रिनस या जातींची. शेंगदाण्याची ढेप, धानाचा कोंडा, महिन्याला शेण आणि सुपर फॉस्फेट, जसं सगळे सांगतात तसंच. फेब्रुवारीपर्यंत ठीक होतं, नंतर मासोळी खाद्याला येईना, आली तर अर्धं टाकून जायची, जाळं टाकून वजन केलं तर जी पाव किलोच्या वर पाहिजे होती ती दीडशे ग्रॅमवर अडकलेली, आणि हातात धरली की नेहमीपेक्षा जास्त बुळबुळीत, अक्षरशः शेंबूड लागल्यासारखी. पुतण्या बीएससीला आहे, तो म्हणाला काका, पाण्यातच काहीतरी असेल. मग मार्चमध्ये ऑनलाईन हे किट मागवलं, साडेआठशे रुपये, वर डिलिव्हरी.

डबा आला तो चांगला पॅक होता, त्याचे मार्क पूर्ण. आत काय काय, तर औषधाची एक गडद बाटली, झाकण असलेल्या दोन काचेच्या नळ्या, एक ड्रॉपर, रंगाचं कार्ड आणि एक घडीचा कागद ज्यात इंग्रजी आणि हिंदीत कृती लिहिलेली, मराठी नाही. कृती सोपी, नळीत खुणेपर्यंत पाणी, सांगितलेले थेंब औषध, हलवा, पाच मिनिटं थांबा, कार्डाशी लावून बघा. फ्लोराईड नसेल तर रंग गुलाबी राहतो, जसजसं वाढेल तसा गुलाबी उडत जाऊन पिवळा होतो. यामागची भानगड पुतण्यानं समजावली ती अशी की औषधात झिर्कोनियम आणि एक रंग यांची जोडी असते, फ्लोराईड आलं की ते झिर्कोनियमला आपल्याकडं ओढून घेतं आणि रंग एकटा पडतो, म्हणून बदलतो. थोडक्यात पळवापळवी. ही पळवापळवी ध्यानात असती तर माझे पुढचे पैसे वाचले असते.

पहिली टेस्ट लाल हातपंपाची केली. कार्डावर ०, ०.५, १, १.५, २ आणि ३ असे खण आहेत, रंग २ आणि ३ च्या मधे. घरच्या बोरचाही तसाच, जरा कमी. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला १ पीपीएम, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, ही चांगली मर्यादा आणि दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे, म्हणजे आम्ही दोन्हीच्या वर. बोरचं पाणी नंतर लॅबमध्ये २.४ आलं, म्हणजे किटनं खोटं सांगितलं नव्हतं. नळयोजनेचं पाणी ०.५ च्या खणात गुलाबी राहिलं, बायकोनं त्या दिवसापासून प्यायला तेच भरायला सुरुवात केली, डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात तर लागू दे म्हणाली. या एका कामासाठी पैसे वसूल, म्हणून वर ४ लिहिलेत.

आता तळं. तळ्याचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, तर पाच मिनिटं कशाला, पहिल्याच मिनिटाला पार पिवळं, कार्डाच्या बाहेर. ३ च्या वर हे किट मोजत नाही आणि ही गोष्ट डब्यावर कुठंही ठळक लिहिलेली नाही, आत बारीक अक्षरात एक ओळ आहे की डिस्टिल्ड पाण्यानं पातळ करा. डिस्टिल्ड पाणी खेड्यात कुठून आणायचं, तर पांढरकवड्याला बॅटरीवाल्याकडून पाच लिटरचा कॅन आणला. त्या पाण्याची आधी एकट्याची टेस्ट घ्या बरं का, शून्य आलं तरच वापरा, बॅटरीवाले काहीही भरून देतात. निम्मं-निम्मं करून रंग २ आणि ३ च्या मधे, दुप्पट केलं तर ५ च्या आसपास. मी हादरलो, बोरमध्ये अडीच आणि तळ्यात पाच, म्हणजे फ्लोराईड तळ्यात अंडी घालतंय का?

तर हो, जवळपास तसंच. हे मला सगळ्यात उशिरा कळलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण पन्नीचं तळं असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे. पाणी उन्हानं उडतं, फ्लोराईड उडत नाही. पन्नीमुळं खाली पाझरतही नाही. मी काठावर बांबूला खुणा करून रोवला होता, थंडीत दिवसाला चार-पाच मिलिमीटर, एप्रिल-मेमध्ये सेंटीमीटरच्या वर पाणी रोज गायब, आणि जेवढं गायब तेवढं मी इमानदारीत बोरनं परत भरत होतो. डिसेंबर ते मे मिळून अंदाजे एक मीटर दहा सेंटीमीटर पाणी उडालं आणि तेवढंच वरून आलं. दोन मीटर पाण्यात २.४ होतं, वरून आलेल्या पाण्यानं आपलं फ्लोराईड त्यात टाकलं, कागदावर हिशेब केला तर ३.७ च्या आसपास येतो, तळं खाली निमुळतं असल्यानं खरा आकडा त्याहून थोडा वरच जाणार. मेमध्ये लॅबचा रिपोर्ट आला तो ३.९. म्हणजे मी सहा महिने मोटर चालवून, रात्रीच्या लाईटच्या पाळीत, टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघाची भीती खांद्यावर घेऊन शेतात जाऊन, स्वतःच्या हातानं तळ्यात फ्लोराईड ओतत होतो.

वर सुपर फॉस्फेटचं आणखी. हे खत ज्या दगडापासून बनतं त्या रॉक फॉस्फेटमध्येच तीन-चार टक्के फ्लोरिन असतं, खत बनवताना थोडं वायूनं जातं, बाकीचं पोत्यात येतं. माझ्या तळ्याला महिन्याला काही किलो जायचं, त्यानं आकडा फार हलला नसेल, पण त्यातलं फॉस्फेट या किटला गंडवतं, कारण फॉस्फेटही झिर्कोनियमला ओढतं, मग किट समजतं फ्लोराईडच आलं. आणि तळ्याचं पाणी शेवाळानं हिरवट-पिवळं, किटचा जास्तीचा रंगही पिवळा, मग डोळ्याला काय कळणार. म्हणून चारच्या आतलं फ्लोराईड किटवर ५ दिसलं. फडक्यानं गाळून काही होत नाही, मी साडीच्या चार पदरी फडक्यानं गाळून बघितलं, फिल्टर पेपर लागतो. रंग संध्याकाळी ट्यूबलाईटखाली बघाल तर अजून वेगळाच खण लागेल, सकाळी उघड्यावर सावलीत बघा, आणि कार्ड उन्हात ठेवू नका, माझ्या कार्डाचा १.५ चा खण दोन महिन्यांत फिका पडून २ सारखा दिसायला लागला.

इथपर्यंत किट जास्तीचं दाखवत होतं, ते परवडलं असतं. खरा घोळ उलट्या बाजूनं झाला.

एप्रिलमध्ये किट विकणाऱ्यांच्या हेल्पलाईनला फोन केला. उचलला, हे कबूल, पण तिकडच्या मुलानं विचारलं, सर आपका आरओ कौनसा है. मी म्हटलं बाबा, मासोळी आहे, ९०० चौरस मीटरचं तळं आहे, आरओ कुठं लावू. मग तो म्हणाला फिटकरी डालो सर, फिटकरी से फ्लोराईड बैठ जाता है. आता हे अगदीच हवेतलं नाही, तुरटी आणि चुना घालून फ्लोराईड खाली बसवायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेनंच काढलेली आहे, पिण्याच्या पाण्याच्या टाकीला ती चालते. पण तिथं तुरटी लिटरला शेकड्यानं मिलिग्रॅम लागते, नंतर निवळलेलं पाणी वरून काढून घेतात आणि गाळ फेकून देतात. मी शहाण्यानं काय केलं तर ४० किलो तुरटी आणली आणि ड्रममध्ये विरघळवून तळ्यात फेकली. दीड हजार घनमीटर पाण्यात ४० किलो म्हणजे लिटरला पंचवीस-तीस मिलिग्रॅम, समुद्रात हिंग. पाणी मात्र एकदम निवळलं, तळाची पन्नी दिसायला लागली, आणि दोन दिवसांनी किट लावलं तर रंग १.५ च्या खणात! मी आनंदानं पुतण्याला फोटो पाठवला, काकानं जिंकलं.

काकानं काही जिंकलं नव्हतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम फ्लोराईडला असं घट्ट धरून बसतं की किटमधल्या झिर्कोनियमकडं ते जातच नाही, मग रंग गुलाबी राहतो आणि आपण समजतो फ्लोराईड गेलं. माझ्या नमुन्यात तर तुरटीचे पांढरे कण तरंगत होते, औषधात ॲसिड असतं, त्यानं ते विरघळले आणि अजून ॲल्युमिनियम सुटलं. त्याच दिवशीचा नमुना लॅबला गेला होता तो ३.७ आला. किट म्हणतं १.५, लॅब म्हणते ३.७. लॅबवाले इलेक्ट्रोडनं मोजतात आणि आधी त्यात एक बफर टाकतात जे ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराईड सोडवतं, म्हणून तिथं हा घोळ होत नाही. ही एक ओळ त्या घडीच्या कागदावर मोठ्या अक्षरात पाहिजे होती, ‘तुरटी टाकलेल्या पाण्याला वापरू नये’. कागदाच्या मागच्या बाजूला कंपनीच्या इतर सहा वस्तूंची जाहिरात आहे, जागा नव्हती असं म्हणता येणार नाही. एक स्टार इथं कापला.

आणि त्या १.५ वर विश्वास ठेवून मी परत बोर सुरू केलं. मेच्या मध्यात दोन सकाळी मिळून चाळीस-पन्नास मासोळ्या वर आल्या, आधी कटला तोंड वर काढून हवा गिळत होते, मग आडवे. शेजारच्या शेतातले काकाजी काठावर उभे राहून म्हणाले, “भाऊ, तुह्या मासोळीले पाणी सोसून नाही राह्यलं.” त्यांनी पन्नास वर्षं नाल्यात मासोळी धरलीय, त्यांच्याकडं किट नाही.

नागपूरला मत्स्यविज्ञान शिकवणारे एक सर ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले मेलेली आणू नका, मेल्यावर तासाभरात आतलं मांस सडायला लागतं, मग काही कळत नाही, जिवंत धरा आणि तिथल्या तिथं कल्ले, काळीज (यकृत) आणि मूत्रपिंडाचा तुकडा कापून फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे मांस सडू न देणाऱ्या औषधात, टाका. तीन रोहू धरले, गुरांच्या दवाखान्यातल्या मित्राकडून फॉर्मेलिन घेतलं, झाडाखाली पाटावर कापले. कल्ल्याचं झाकण उचललं तर आत लाल भडक पाहिजे तिथं फिकट विटकरी, वर चिकट पापुद्रा, बोटानं ओढला तर दोऱ्यासारखा निघत होता. दीडेकशे किलोमीटर बसनं डबा मांडीवर घेऊन गेलो, शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं कसला वास येतोय.

पंधरा दिवसांनी सरांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. आधी नदीतल्या निरोगी रोहूचा कल्ला, फणीसारखा, दांड्याला दोन्हीकडून बारीक बारीक दात, दोन दातांमधे मोकळी फट, त्या फटीतून पाणी जातं आणि मासोळी श्वास घेते. मग माझ्या मासोळीचा. तीच फणी, पण आठ दिवस तेल लावून न विंचरलेल्या डोक्यातून काढल्यासारखी, दात एकमेकांना चिकटलेले, काही टोकाला फुगून गदेसारखे, वरची कातडी दातापासून सुटून उचललेली. फटीच नाहीत तर हवा कुठून घेणार. काळजाच्या पेशींमधे पांढरी भोकं, सर म्हणाले पोकळ्या झाल्यात. मूत्रपिंडातल्या नळ्यांचं अस्तर झडलेलं. मी विचारलं हे फ्लोराईडनं झालं का, तर त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, आणि मला तेच आवडलं. म्हणाले, भाऊ, कल्ल्याची ही अवस्था अमोनियानंही होते, तुरटीच्या ॲल्युमिनियमनंही होते, कीटकनाशकानंही होते, कल्ल्याचं रडणं सगळ्यांसाठी एकच असतं. मरळ, मागूर, रोहू, सायप्रिनस यांना फ्लोराईडच्या पाण्यात ठेवून आपल्याकडं बरेच प्रयोग झालेत, त्यात कल्ले, काळीज, मूत्रपिंड यांचं असंच झालेलं दिसतं, पण उलटं म्हणता येत नाही की असं दिसलं म्हणजे फ्लोराईडच. फ्लोराईडची खरी सही हाडात असते.

म्हणजे कसं, तर कल्ल्यातून फ्लोराईड आत जातं, रक्तातून फिरतं आणि हाडात आणि खवल्यात जाऊन बसतं, कारण त्याला कॅल्शियम प्यारं. माणसाच्या दाताला आणि हाडाला धरतं तेच. हाडात बसलं की मासोळी तशी वाचते, एका अर्थानं हाड म्हणजे तिचं गोडाऊन. पण येणारं गोडाऊनला झेपेना की बाकीचं पेशींमधे राहतं आणि तिथं साखरेपासून ताकद बनवायची जी साखळी आहे तिच्यातलं एनोलेज नावाचं एन्झाईम अडवून ठेवतं. खाऊनही वाढ नाही, सुस्त, म्हणून माझी दीडशे ग्रॅमवर अडकली असणार. हाड जाळून त्याच्या राखेतलं फ्लोराईड मोजून घेतलं, वेगळे पैसे लागले, माझ्या रोहूच्या काट्यात नदीच्या रोहूच्या तिपटीहून जास्त निघालं. सर म्हणाले ही सही पक्की. मग मेली कशानं? मेली बहुतेक ऑक्सिजन कमी पडून, मेच्या पहाटे तळ्यात तसाही ऑक्सिजन कमी असतो, आणि कल्ले आधीच बुजलेले, त्यावर माझी तुरटी. ३.९ फ्लोराईडनं एकट्यानं रोहू दोन दिवसांत मरत नाही, हे मला सांगून टाकलं पाहिजे नाहीतर कमेंटमध्ये लोक घाबरून तळी बुजवतील.

आता डाळ. आमचं लाल हातपंपाचं पाणी गोड का लागतं, डाळ का शिजते, फेस का येतो, तर त्यात कॅल्शियम कमी आणि खारा सोडा जास्त, आणि कॅल्शियम कमी असतं म्हणूनच दगडातलं फ्लोराईड त्यात विरघळून राहू शकतं, कॅल्शियम भरपूर असतं तर दोघं मिळून खाली बसले असते. म्हणजे जास्त फ्लोराईडचं पाणी बहुतेक वेळा मऊच निघतं, आणि मासोळीला फ्लोराईड सगळ्यात जास्त बाधतं तेही मऊ पाण्यातच. अमेरिकेत १९८३ मध्ये रेनबो ट्राऊट नावाच्या मासोळीवर प्रयोग झाला होता, पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला १७ मिलिग्रॅम होता तेव्हा चार दिवसांत निम्म्या मासोळ्या मरायला ५१ पीपीएम फ्लोराईड पुरलं, जडपणा ३८५ केला तर १९३ लागलं. मासोळी तीच, विष तेच, फक्त पाण्यात कॅल्शियम जास्त, चौपट फरक. आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की अजून बाधतं, आमचा मे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून नुसता फ्लोराईडचा आकडा मासोळीवाल्याला अर्धवटच. या किटमध्ये जडपणा मोजायची एक छोटी बाटली दिली असती तर मी शंभर रुपये जास्त आनंदानं दिले असते. वेगळं घ्यावं लागलं, माझ्या बोरचा जडपणा ७० निघाला.

मरणाचे आकडे बघून कुणी म्हणेल की ५१ कुठं आणि तुझे चार कुठं. पण मरणं हीच एक इजा नसते. अमेरिकेतच कोलंबिया नदीवर जॉन डे नावाचं धरण आहे, तिथं वर एका ॲल्युमिनियमच्या कारखान्याचं फ्लोराईड नदीत यायचं, पाण्यात फक्त ०.५ च्या आसपास, आणि अंडी घालायला समुद्रातून वर येणारे सालमन त्या धरणाशी येऊन दीडशे तासांहून जास्त अडकून पडायचे, वाट असून चढायचे नाहीत. १९८३ पासून कारखान्यानं फ्लोराईड कमी केलं, नदीतलं ०.२ पर्यंत उतरलं, तर तोच मुक्काम २८ तासांवर आला. ०.५ म्हणजे आपल्या किटवर गुलाबी, माणसानं निर्धास्त प्यावं असं पाणी. रोहू सालमनइतका नाजूक नाही, पण पिण्याच्या पाण्याचं कार्ड घेऊन मासोळीची तब्येत ठरवता येत नाही एवढं माझ्या डोक्यात शिरलं. आमच्याकडं हे दगडातून येतं, जिथं वीटभट्ट्या, फॉस्फेट खताचे किंवा ॲल्युमिनियमचे कारखाने आहेत तिथं ते कारखान्यातून येतं, मासोळीला दोन्ही सारखंच.

एक प्रश्न सगळे विचारतात, ही मासोळी खायची की नाही. मी विचारलं, कारण पाचशे तरी उरल्या होत्या. मांसात फ्लोराईड फार थोडं साठतं, बहुतेक सगळं काट्यात, खवल्यात. मोठा रोहू खवले काढून, काटे बाजूला ठेवून खाल्ला तर भीती नाही. बारीक मासोळी काट्यासकट कुरकुरीत तळून किंवा सुकवून चावून खायची तर मात्र अशा तळ्यातली नको, विशेषतः ज्यांच्या घरी पाणीही लाल पंपाचं आहे. आमच्या घरी त्या रविवारी रस्सा झाला, बाबांनी सवयीनं डोकं मागितलं, दिलं नाही, दोन दिवस बोलले नाहीत.

पुढं काय केलं ते थोडक्यात. तुरटी बंद, सुपर फॉस्फेट बंद. जूनमध्ये अर्धं पाणी कपाशीला सोडून दिलं आणि पावसात नाल्याचं पाणी वळवून भरलं. चुना टाकायचा मोह झाला पण आमच्या पाण्याचा पीएच आधीच साडेआठला टेकलेला, चुन्यानं अजून वर जातो, म्हणून सरांच्या सांगण्यावरून जिप्सम टाकलं, त्यानं कॅल्शियम वाढतं आणि पीएच हलत नाही. जडपणा आता दीडशेच्या वर आहे. ऑगस्टमध्ये किट लावलं, या वेळी फिल्टर पेपरनं गाळून, सकाळी सावलीत, तर १.५ आणि २ च्या मधे, लॅबमध्ये १.८. म्हणजे पाणी साफ असेल, तुरटी-फॉस्फेटची भेसळ नसेल तर हे किट बिचारं खरं बोलतं. उरलेल्या मासोळ्या तळाशी न बसता आता खाद्याला येतात, परवा जाळ्यात एक कटला साडेसातशे ग्रॅमचा आला.

घेणाऱ्यांसाठी अजून दोन बारीक गोष्टी. औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी बघूनच घ्या, आणि ४५ डिग्रीत ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मी माठाच्या बाजूला ठेवतो. परताव्याच्या नादी लागू नका, मी तुरटीच्या घोळानंतर मेल टाकला होता, उत्तर आलं की सील तोडलेला माल परत घेत नाही, सील न तोडता टेस्ट कशी करायची ते नाही लिहिलं. आणि लॅबला नमुना द्यायचा असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत द्या, फ्लोराईडच्या नमुन्याला काच वापरत नाहीत.

डब्यात अजून वीस-पंचवीस टेस्ट होतील एवढं औषध आहे. गावात बातमी पसरलीय, रोज कुणीतरी पाणी घेऊन येतं. काल काकाजी त्यांच्या विहिरीचं पाणी घेऊन आले, देशीच्या काचेच्या क्वार्टरमध्ये, वास तसाच. म्हटलं काकाजी, बिस्लेरीच्या बाटलीत आणा, धुऊन. म्हणाले, “पह्यले सांगाले काय झालतं,” आणि बाटली घेऊन परत गेले.